‘बोला, गुरुजी’

ज्याच्या नामाने वाणी शुद्ध होते त्या श्रीहरीला, आणि जिच्या मांडीवर ते नाम मला प्रथम ऐकू आले त्या मातेला वंदन करून लिहायला बसलो आहे. आज तिची तिथी. श्राद्धकर्म आटोपले, पाने उठली. माजघरातल्या फडताळात तिचा टेपरेकॉर्डर अजून आहे. त्यावरची धूळ पुसताना मनात जे दाटून आले ते गोड नाही. तरी ते लिहिणे मला आजच्या दिवसाचे उरलेले कर्तव्य वाटते.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात घरे जळाली, त्याच्या पुढच्या वर्षी मी आखाती देशात अध्यापनासाठी गेलो. तिथल्या भारतीय मुलांच्या शाळेला संस्कृत शिकवणारा हवा होता. बोरीच्या घरी आई आणि धाकटा भाऊ राहिले. आईची दृष्टी काचबिंदूने गेली होती. वडिलांच्या माघारी रोज सकाळी मी स्तोत्रपाठ म्हणत असे आणि तो कानी पडल्यावाचून ती पाण्याचा थेंब घेत नसे. भाऊ शेतीत रमलेला. त्याला पाठ येत नव्हता. मी निघालो तेव्हा तिने एवढेच विचारले, “आता माझी सकाळ कशानं व्हायची रे?”

पहिल्या रजेत मी हा टेपरेकॉर्डर घरी आणून ठेवला आणि गावाकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी ध्वनिफिती पाठवू लागलो. एका फितीवर तिचे भागत नसे. “जुना आवाज नको,” असा तिचा निरोप येई, “आत्ताचा पाठव. तू बरा आहेस की नाही, ते मला त्यात कळतं.”

तिथले दिवस एकसारखे होते. शाळा ऊन चढण्याआधी भरे. ज्यांनी कधी नदी पाहिली नव्हती अशा मुलांकडून मी ‘नदी’ शब्द चालवून घेत असे. नळाचे पाणी मचूळ. संध्येसाठी पिण्याचे पाणी पळीपळीने वापरावे लागे. खिडकीतला एसी सदैव घरघरत असे, आणि तो बंद केला की पुस्तकाचे पान बोटांना चिकटे.

त्याच घरात माझ्याबरोबर गणिताचा एक तरुण शिक्षक राहत होता. तो पाथरीचा, बौद्ध घराण्यातला. जळिताच्या त्या दिवसांत त्याच्या मावशीचे छप्पर गेले होते. हे त्याने एकदाच सांगितले, पुन्हा कधी नाही. आरंभी आमच्या चुली वेगळ्या होत्या. मी तापाने पडलो तेव्हा त्याने भाताची पेज करून पाजली, आणि त्यानंतर आमची भांडी एक झाली. माझे वरण त्याला आवडे. त्याने थापलेली भाकरी मला.

एसीच्या घरघरीत पाठ नीट उमटेना, तेव्हा उपाय त्यानेच काढला. “गुर्जी, शुक्रवारी सुट्टी हाय, मोटार हाय. जिथं कोणी न्हाई तिथं जाऊ.” तेव्हापासून आमचे शुक्रवार शांत जागेच्या शोधात जाऊ लागले. कधी डोंगरातली कोरडी दरी, कधी खजुरीच्या बागेतला पाण्याचा पाट, कधी समुद्रकिनारा. इतर शिक्षक बाजार हिंडत. आम्ही मैलोगणती वाळू तुडवून मोटारीच्या सावलीत सतरंजी अंथरत असू. तो तिथला टेपरेकॉर्डर माझ्यासमोर धरी, कळ दाबी आणि म्हणे, “झालं सुरू. बोला, गुरुजी.” मग पाठ संपेपर्यंत तो खोकलासुद्धा दाबून धरी.

त्याचे ते शब्द प्रत्येक फितीवर उमटत. रजेत घरी आलो तेव्हा पाहिले, आई रोज त्यांना उत्तर देई: “बोलतोय बाबा, बोलतोय.” समुद्राकाठची फीत ऐकून तिने विचारले, “मागं गोदामाय वाहायलीय का रे?” तिचे माहेर गोदाकाठचे. आणि मग म्हणाली, “ज्याच्या हाकेनं माझा दिवस उगवतो, त्या लेकराला एकदा माझ्या हातचं पुरण खाऊ घालायचंय. आण त्याला.” ही इच्छा तिने इतक्या वेळा सांगितली की तिचा नवसच झाला. तो तरुण कोण, हे मी भावाला सांगितले होते. आईला सांगायला त्याने मना केले. “दादा, तिचं वय झालंय,” म्हणाला, “कशाला जिवाला घोर?”

पुढच्या उन्हाळ्यात तो गणिताचा शिक्षक रजेवर निघाला. “या खेपेला फीत मीच बोरीला नेऊन देतो, गुर्जी. पुरण खाऊनच येतो.” मला फार बरे वाटले.

तो परत आला. पहिल्याच शुक्रवारी आम्ही त्या कोरड्या दरीत गेलो. त्याने कळ दाबली आणि नुसता हात हलवून मला खूण केली. मी थांबलो. फीत फिरत राहिली. शेवटी मी पाठ म्हटला. परतताना विचारले, “आज बोलला नाहीस?”

“कळ दाबली की.”

“बोरीला गेला होतास ना?”

“गेल्तो. तुमच्या भावानं अंगणातच फीत घेतली. बोलले चांगलं. पाणी पायजे का इचारलं, पण कुठल्या भांड्यात द्यावं ते त्यान्ला सुचंना. मग म्हनले, तुमची एसटी चुकंल. तेवढ्यात आतून आई वरडल्या, ‘अगं बाई, हा तर बोला गुरुजी! आत आण त्याला!’ भाऊ म्हनले, ‘न्हाई आई, पोस्टमन हाय.’” तो हसला. “गणिताचा मास्तर गेल्तो गुर्जी, पोस्टमन होऊन आलो.”

तो त्यानंतरही दर शुक्रवारी मला घेऊन गेला, यंत्र धरले, कळ दाबली. पण ते शब्द त्याने पुन्हा उच्चारले नाहीत.

पुढच्या रजेत मी भावाला जाब विचारला. तो म्हणाला, “तुमी तिकडं दूर, दादा. इथं रोज मोर्चे निघायलेत, माणसं तापलेली. गावानं काय म्हटलं असतं?”

“गावाने काही म्हणण्याआधी तूच म्हणालास.”

आईने मला जवळ बोलावले. “तो ‘बोला गुरुजी’ म्हणणारा गप्प का रे झाला? भांडलात का?”

मी तिला सगळे सांगितले. तो कोण आणि दारातून कसा गेला, तेही. तिने हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, “ओसरीवर पाट मांडू. वाढीन मात्र मी स्वतः.”

तिचे ते बोलणे मी अजून विसरलो नाही. जन्मभर सोवळ्यात वावरलेली ती आंधळी बाई स्वतःहून ओसरीपर्यंत आली होती, हे मी जाणतो. पण तिथून त्याला घरात न्यायला तिला पाऊल सापडले नाही, आणि ते पाऊल आम्हीच, पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र सांगणाऱ्यांनी, तिला कधी शिकवले नव्हते.

दोन वर्षांनी आम्ही दोघेही नोकरी सोडून परतलो. मी पाथरीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला स्वयंपाकघरात बसवून जेवू घातले. आईचा जो निरोप तिकडे असताना माझ्या तोंडून निघाला नव्हता, तो मी आता जसा होता तसा सांगितला. त्यातली ओसरी गाळली नाही.

“आईन्ला माझा नमस्कार सांगा,” तो म्हणाला. “लय मायेचं बोलावणं हाय. पण गुर्जी, अंगणापस्तोर मी जाऊन आलोय. आता ओसरीपस्तोर येऊन काय करू?”

त्याच्यावर रागवण्याचा अधिकार मला नव्हता.

त्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. मी उशाशी बसून पाठ म्हणू लागलो की ती मान हलवी. “तू नको. ती जुनी फीत लाव, गोदामायची.” भावानेच ती शोधून लावली. लाटांचा आवाज आला आणि पाठोपाठ तो तरुण स्वर: “झालं सुरू. बोला, गुरुजी.” आईने हात उचलला. “आलास का बाबा? आत ये. पान वाढतेच.” भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुढे माझ्या आवाजातला पाठ चालू राहिला. तो तिने ऐकला की नाही, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आज श्राद्धाच्या पानावर मी पुरण वाढले. कावळा लगेच शिवला, सगळ्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही.

हे वाचणाऱ्या आपणांस व आपल्या कुटुंबास श्रीहरी आयुरारोग्य देवो. आपल्या घरातल्या वृद्धांच्या इच्छा त्यांच्या हयातीत पुऱ्या होवोत. आपल्या दारी येणाऱ्याला आपल्या घरातले कोणी पोस्टमन न म्हणो, आणि त्याचे पान आपल्या पंक्तीत, आपल्या शेजारीच मांडले जावो. शुभं भवतु.