कमरेएवढं खोड

तुमच्या भावाच्या हातचं काम तुम्ही नुसता अंगठा फिरवून ओळखाल का? आमच्या गल्लीतली शिवणवाली ओळखते.

तिच्या दारातलं शिरीषाचं झाड दीड वर्ष वाळत होतं. त्याच्याच सावलीत तिचं मशीन. मी रस्ता खोदणाऱ्यांवर खापर फोडलं, झाड वाचवायला दोनशे सह्या जमवल्या, नगरपालिकेत टेबल बडवलं. पहिली सही तिच्या धाकट्या भावाची, सुताराची. झाडाला हात लावू देऊ नका, असं वर मलाच बजावून गेला.

गेल्या आठवड्यात एक फांदी तिच्या आईच्या खोलीच्या पत्र्यावर आदळली. म्हातारी थोडक्यात वाचली. शिवणवालीने झाडाला पाणी घालायची बादली उपडी घातली आणि झाड तोडणाऱ्याला बोलावलं. त्याने बुंध्याशी कोयत्याने साल खरवडली, तर खाली लाकडाच्या सात गुट्ट्या. गिरमिटाने भोकं पाडून आत काहीतरी जहाल ओतलेलं, वर लाकूड ठोकून, घासून, सालीच्या रंगाने झाकलेलं. तिने वाकून अंगठा फिरवला. प्रत्येक गुट्टीची रेष खोडाच्या रेषेशी जुळवलेली. एवढी नीट गुट्टी गावात एकच माणूस मारतो.

भाऊ आला. आधी कानांवर हात ठेवले, मग मान खाली गेली. टेम्पो दारात लावायचा होता. जिवंत झाड तोडायला परवानगी मिळेना, वाळलेल्याला मिळते.

"तू हो म्हणाली असतीस का, ताई?"

"विचारलं होतंस?"

मी त्याची गचांडी धरायलाच निघालो, तर तिने मलाही सोडलं नाही. दीड वर्ष गावभर ओरडलात दादा, एकदा खाली वाकून पाहिलंत का, म्हणाली. ज्याने विष घातलं त्याच्याच सहीचा कागद मी छातीशी धरून फिरलो होतो.

झाड पाडणं भागच होतं; खाली आई झोपते. तिने गळ्यातली टेप काढली, जमिनीपासून स्वतःच्या कमरेपर्यंतचं माप घेतलं आणि तेवढ्या उंचीवर कपड्यांच्या खडूने खोडावर रेघ ओढली. तोडणाऱ्याला सांगितलं, "याच्या खाली करवत लावायची नाही."

दारात खोड तसंच आहे; टेम्पो अजून गल्लीतच उभा असतो, उन्हात.

आता जो तो तिची समजूत काढायला येतो. तुम्हीही जा, कपडे शिवायला टाका, मापं द्या. फक्त "जाऊ दे, भाऊच आहे" एवढं तिला म्हणू नका.