अर्धवट ऐकलेलं बोअर

बॉनेटमध्ये डोकं घातलेला कल्याणचा मेकॅनिक नुसतं “बोअर...” म्हणाला आणि मी रुसून गाडी घेऊन निघालो. माझी जुनी स्पोर्टी गाडी तरुणपणी कशी पळायची, हे मी त्याला अर्धा तास ऐकवत होतो, वाटलं, कंटाळला. ठाकुर्लीला पोचेपर्यंत मागे निळ्या धुराचा पडदा. आता गाडी भंगारात जाणार, या धास्तीने शेवटी त्यालाच फोन केला.

“अहो काका, सिलिंडरचं बोअर झिजलंय म्हणत होतो! आणा परत. नवीन लायनर बसवले की पळेल.”

माझा जीव भांड्यात पडला. घरी आल्या आल्या बायकोला म्हटलं, “बघ, कंटाळला नव्हताच तो.”

“असं तो म्हणाला का?” तिने विचारलं.