कुंड समुद्रातून आले नाही

‘आपल्या मंदिरातील बाप्तिस्म्याचे काळे कुंड मूळचे कोकणातील एका बेटावरचे. तेथील चर्च दर्यात बुडाल्यावर मिशनरी साहेबांनी ते गलबतातून व पुढे बैलगाडीतून आपल्या गावी आणले.’

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेचे हे कच्चे पान पंचकमिटीच्या सचिवांनी माझ्या हाती ठेवले. मी ते दोनदा वाचले आणि परत केले. ते कुंड माझ्या आजोबांनी घडवले. ते पाथरवट होते. दळायची जाती आणि उखळे करीत. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी केलेले पहिले काम हेच, असे वडिलांनी मला सांगितले होते. स्मरणिका तशीच छापली असती, तर त्यांच्या हातचे गावात उरलेले एकमेव काम समुद्राच्या नावावर चढले असते.

सचिव माझाच विद्यार्थी. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “सर, समुद्रातून आलं म्हणलं की लोक पाहायला येतेत. तुमच्या आजोबानं केलं म्हणलं तर कोण येऊन राह्यलं? अन् पुरावा तर तुमच्याजवळबी न्हाई.”

मग मी ते बेट पाहायचे ठरवले. नात सोबत आली. बेटाच्या दक्षिण टोकाला बुडालेल्या चर्चचे अवशेष आहेत आणि हौशी लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून तेथे उतरवतात. माझे वय ऐकून त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. ती मी जालन्याहूनच घेऊन गेलो होतो.

पहिल्या वेळी मी भ्यालो, असे आमच्या घरात आजही हसत सांगितले जाते. ते खोटे आहे. शहागडला गोदावरीच्या डोहात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी पोहायला शिकलो. बुडी मारायची तर श्वास धरायचा, हे अंगात मुरलेले. पाठीवर टाकी असूनही मी तेच केले, म्हणून पाणबुड्याने मला दंडाला धरून वर आणले. तो म्हणाला, “आजोबांनू, हवा पाठीर आसा. छातयेत कित्याक साठवतास?” यात भीती कोठे आली?

दुसऱ्या वेळी मी श्वास सोडला आणि समुद्राने मला आत घेतले.

त्या हिरव्या उजेडाला ना सकाळ होती, ना संध्याकाळ. माझाच श्वास बुडबुडे होऊन वर जात होता आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी असावा असे वाटत होते. भिंती राहिल्या नव्हत्या. चिरे विखुरले होते आणि त्यांच्यावरून मासे उपासनेला उशिरा आलेल्या माणसांसारखे, आवाज न करता सरकत होते. एके ठिकाणी दाराची पायरी तेवढी शिल्लक होती. शेवाळाने मऊ झालेली, मध्यभागी पावलांनी झिजलेली. तिच्यावर मी किती वेळ हात ठेवून होतो, सांगता येणार नाही. मला वाटले, आत कोणी तरी लेकराचे नाव उच्चारते आहे आणि दारात थांबलेल्यांत आजोबाही आहेत, हाताला दगडाची भुकटी लागलेली. मग पाथरवटाच्या घरातल्या सवयीने मी पायरीखाली बोटे घालून तिची कड शोधू लागलो. कड लागेना. ती पायरी कोणी आणून बसवलेली नव्हतीच. बेटाच्याच खडकात ती तासली होती.

वर आल्यावर नातीने विचारले, काय दिसले. मी तिला म्हटले, “घरी चल. आपल्या कुंडाखाली आजवर कोणी पाहिलेले नाही.”

ते खरेच होते. वडिलांच्या काळात मंदिरात शहाबादी फरशी बसवली, ती कुंडाला अगदी चिकटवून. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. पाळकांनी परवानगी दिली. एमआयडीसीत सुट्टी टाकून पुतण्या पहार घेऊन आला. सचिवालाही मी मुद्दाम बोलावून घेतले. कुंडाभोवतीच्या चार फरश्या निघाल्या, खालचा मुरूम खरडून काढला. सचिव गुडघ्यांवर बसला आणि कुंडाच्या बुडाशी हात फिरवू लागला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तो सांधा शोधत होता. मी त्याला घाई केली नाही.

कुंडाला सुटा तळ नाही. मंदिर ज्या काळ्या खडकावर उभे आहे, त्याच खडकातून ते जागच्या जागी कोरून काढलेले आहे.