फक्कीवरची पावलं

सुतळीकाका मूळचे गवंडी. गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी थापी खाली ठेवली आणि नुसत्या आखण्या करून द्यायला लागले. शेड कुठे बांधायची, फाटक कुठल्या अंगाला उघडायचं, फरशीची वाट कुठून काढायची, हे लोक विचारत आणि खिशात कायम सुतळीचं रीळ बाळगणारे काका ठरवत. पण लगेच सांगतील तर शपथ. आधी अंगणभर चुन्याची पांढरी फक्की भुरभुरवायची आणि घरच्यांना बजावायचं, आठ दिवस नेहमीसारखे वावरा. आठ दिवसांत फक्कीवर पायवाटा उमटत. माणसं जिथून चालतात तिथे काही बांधायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यापायी त्यांनी चांगली चांगली गिऱ्हाइकं तोडली होती.

जगाची अंगणं आखणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरामागे मात्र एक खुंटीही ठोकली नव्हती. बायको कुंड्यांसाठी साधा आडोसा मागायची. अंगण काय पळून चाललंय, असं म्हणता म्हणता तीच गेली. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

मुलगी रोपं वाढवून विकायची. तिची भाड्याची जागा सुटत होती. मागच्या अंगणात शेड झाली तर ती इथेच येऊन राहणार होती, नाहीतर मैत्रिणीच्या गावी जाणार होती, तेही कायमचं. काकांची तर ती येणार या बातमीने भूकच वाढली. वर्षभर ते रेडिओशी भांडत दिवस काढत होते. जागेचा प्रश्नही नव्हता. एका बाजूला मैल्याची टाकी, दुसरीकडे शेजाऱ्यांच्या झाडाची दाट सावली, म्हणजे उरला भिंतीलगतचा डावा कोपरा. आखून मोकळे व्हा, असं मुलगी म्हणाली. काका ऐकतील तर ना. नियम म्हणजे नियम. वास्तविक घरात ते एकटे, मागे फिरकतही नव्हते. तरी त्यांनी फक्की टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फक्कीवर पावलं होती.

अनवाणी, लहानशी पावलं. मागच्या पायरीपासून निघून थेट कोपऱ्यात गेलेली, तिथे दोन्ही शेजारी शेजारी थांबलेली. परतीचं एकही नाही. काकांनी शेजारच्या पोरांच्या नावाने खडे फोडले, पण दाराला आतून कडी होती आणि पावलं तर दारातूनच निघाली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फक्की झाडूने सारखी केली आणि डोळ्यांत तेल घालून दारात स्टूल टाकून बसले. लख्ख ऊन होतं. पाचच्या बातम्या लागल्या म्हणून ते रेडिओचा आवाज कमी करायला वळले. पुन्हा पाहिलं तर वाट उमटलेली, आणि कोपऱ्यातल्या शेवटच्या पावलाभोवती फक्की अजून खाली बसत होती. उजवं पाऊल नीट, डावं ओढलेलं. शेवटची दोन वर्षं बायको तशीच चालायची.

भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त पंचाईत झाली. वाटेवर बांधायचं नाही म्हटलं तर मुलगी जाणार. कारण सांगितलं तर बापाला भ्रम झाला म्हणून दवाखान्यात नेणार. रोज पाचला पावलं जात होती, कोपऱ्यात थांबत होती. काकांची वाढलेली भूक पार पळाली.

सातव्या दिवशी मुलगी आली. काकांनी चहा ओतता ओतता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी आई संध्याकाळी मागे कशाला जायची गं? वाळलेले कपडे काढायला?"

"कपड्यांची दोरी पुढे होती, बाबा." मुलगी म्हणाली. "तुमची वाट बघायला जायची. कोपऱ्यात भिंत बुटकी आहे, तिथून रस्त्याचं वळण दिसतं. तुमची सायकल दिसली की बाजूच्या बोळातून पुढे येऊन फाटक उघडायची. मागच्या दाराने ती कधी परत आलीच नाही."

काकांनी कप खाली ठेवला. फाटक उघडं असतं म्हणून ते वर्षानुवर्षं तिच्यावर करवादत आले होते. कुत्री शिरतात, लावत जा, म्हणून. तिने एकदाही खुलासा केला नव्हता. त्यांना स्वतःची अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. ती गेल्यापासून त्यांनी सायकलला हात लावला नव्हता. म्हणजे वर्षभर ते घरी असून घरी आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकांत हवा भरली, फाटक स्वतःच्या हाताने लावलं आणि पाचला वळणावर जाऊन सायकलवर बसले. गुडघ्यांनी शंख केला. भिंतीपलीकडे कोपऱ्यात कोणी दिसलं नाही. तरी त्यांनी घंटी वाजवली.

फाटक उघडं होतं. बोळातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत फक्कीने माखलेली पांढरी पावलं आली होती, डावं ओढलेलं. काका चपला काढत बराच वेळ उभे राहिले. एरवी ते आरडत आत जायचे, चहा झाला का म्हणून.

"आलो गं," ते बाहेरूनच म्हणाले. "फार उशीर झाला."



त्यानंतर मागची फक्की कोरीच राहिली. आता वाट मोकळी होती, नियम आड येत नव्हता, तरी काकांनी आणखी चार दिवस काढले. शेडसाठी बोलावलेला सुतार दोनदा येऊन चिडून गेला. खरं सांगायचं तर एकदा तरी पुन्हा पावलं उमटावीत असं त्यांना फार वाटत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी कोपऱ्यात खुंट्या ठोकल्या. मुलीने सुतळीचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "रस्त्याकडे खिडकी ठेवायची का, बाबा?"

काकांनी सुतळी ताणून गाठ मारली.

"नको," ते म्हणाले. "तिकडे आता कुणाला बघायचं नाहीये."