अंतर्मुख मुलाची आई

पाटणकरबाईंसमोर "तो स्वभावानेच तसा आहे" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की बाई खडू खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कधीपासून?" मग तुम्ही बसा आठवत. मी नांदेडची, पहिल्याच दिवशी ऐटीत सांगून टाकलं, की मी जरा तापट आहे. "कधीपासून?" झाली पंचाईत.

भावाची नोकरी मोहालीत, म्हणून मी चंडीगढला आले होते. सेक्टर ३४मधल्या एका क्लासमध्ये बाई नेट परीक्षेसाठी मानसशास्त्र शिकवत. मूळच्या साताऱ्याच्या. यजमान फौजेत, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत बदली झाली आणि तिथेच ते वारले. बाई मुलाला घेऊन मनीमाजऱ्यात दोन खोल्यांत राहिल्या. वर्गात सगळं हिंदी-इंग्रजीत चालायचं, पण मला झापायच्या मराठीतच. "तुला पाठ सगळं येतं गं, कळत काही नाही." राग यायचा. खरं होतं, म्हणून जास्तच यायचा.

व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त त्यांनी आम्हाला मनजीतवर शिकवले. हा मुलगा पहिल्या बाकासाठी रोज भांडायचा. बाई म्हणाल्या, "मनोविश्लेषणवाला म्हणेल, लहानपणी याला आईच्या मांडीवरून कुणीतरी उठवलंय. वर्तनवादी म्हणेल, भांडलं की बाक मिळतो, मग का नाही भांडणार? गुणविशेषवाला याचा हट्ट दहापैकी किती ते मोजेल. मानवतावादी म्हणेल, याला मान हवाय, फुलू द्या बिचाऱ्याला." मनजीत लाल होऊन म्हणाला, "मॅडम जी, मुझे पीछे से दिखता नहीं." वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "चार विद्वान आणले, पण याला विचारलं एकानेही नाही. हे वहीत लिहून घ्या."

त्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघी डबा खात होतो. मी सहज म्हटलं, "बाई, दादाच्या ऑफिसात तुमच्याच आडनावाचा एक निनाद आहे. बॉसची अशी नक्कल करतो म्हणे, की लोक जेवण सोडून ऐकत बसतात. आता कॅनडाला चाललाय, तर सगळे हळहळतायत."

बाईंचा घास हातातच राहिला. "माझा मुलगा आहे तो," त्या म्हणाल्या. "मोहालीत मित्रांबरोबर राहतो. रविवारी येतो, जेवतो, चार वाक्यं बोलतो, तीही हिंदीतच, आणि जातो. कॅनडाचं मला माहीत आहे. नकलेचं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. एम. ए. करताना प्रॅक्टिकलसाठी कुणाची तरी व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची होती. घरात चौदा वर्षांचा निनाद आयताच सापडला. निष्कर्ष निघाला अंतर्मुख, एकान्तप्रिय. बाईंना त्या प्रॅक्टिकलला भरघोस मार्क मिळाले. पुढच्याच वर्षी वडील गेले. घर माणसांनी भरलं आणि निनाद आपल्या खोलीत जाऊन बसला. "मी सगळ्यांना बजावलं," बाई म्हणाल्या, "त्याला एकटं राहू द्या, त्याचा स्वभावच तसा आहे. मीही गेले नाही." "स्वभावच तसा आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा नेहमीचा प्रश्न त्यांनाच विचारायचा मला धीर झाला नाही.

"पंधरा दिवसांनी जाईल तो. त्याआधी मला हे त्याच्याशी बोलायचंय. रविवारी तूही ये जेवायला. त्याच्यासमोर एकटी असले की मी नुसती वाढत बसते."

मी गेले. भाकरी, भरीत, खर्डा. निनाद उंच, सभ्य, "नमस्ते जी" म्हणून जो गप्प बसला तो बसलाच. दादाने सांगितलेला नकलाकार हाच का, असा मला प्रश्न पडला. बाईंनी तिसऱ्यांदा भाकरीचं ताट उचललं, तेव्हा मी त्यांच्या हातातून ते सरळ काढून घेतलं. उद्धटपणाच केला, पण माझा जीव तुटत होता.

बाई खाली बसल्या. "निनाद, बाबा गेले तेव्हा मी तुझ्या खोलीत आले नाही. तुला एकटं राहायला आवडतं, असं मी ठरवून टाकलं होतं. माझं चुकलं रे."

तो ताटाकडे बघत राहिला. बाईंनी एरवी एवढ्या वेळात दोन प्रश्न विचारले असते. त्या थांबल्या.

"मम्मी, मैंने कुंडी नहीं लगाई थी," तो म्हणाला. आणि मग, आईच्या मराठीला आजवर हिंदीतच उत्तर देणारा तो मुलगा अडखळत मराठीत बोलला. "दार नुसतं लोटलं होतं. तू येशील म्हणून."