गुहेच्या तोंडाशी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो होतो, दोनतीनदा तरी. पण दर वेळी ती काहीतरी दुसरंच बोलायला लागली, आणि मी तिला बोलू दिलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय — बघू.

आम्ही गिरगावातून भाईंदरला, जेसल पार्कात राहायला आलो तेव्हा सगळे म्हणाले, फार लांब गेलास. मला मात्र डोंगर जवळ आला असं वाटलं. कातळावर चढायचा नाद कॉलेजपासूनचा. घोडबंदर रोडला, चेणे गावाच्या पुढे झाडीत एक उभी कातळभिंत सापडली. रविवारी मी एकटाच जायचो. मग सोसायटीतली दोन मुलं मागे लागली. मग त्यांच्या आया आल्या, मुलं पडतात की काय ते बघायला. आणि एक दिवस त्यातल्याच एक प्रधानबाई म्हणाल्या, मलाही बांधा की तो पट्टा.

काय दिवस होते ते. प्रधानबाई पंजाबी ड्रेसवर हार्नेस बांधून वर गेल्या आणि वरच बसून राहिल्या. खालून नवरा हाका मारतोय, मुलगा हाका मारतोय, आणि बाई निवांत. नंतर म्हणाल्या, "इतका वेळ मला कुणी काही मागितलं नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं." मुलांचं तर विचारूच नका. चौथ्या-पाचव्या मजल्यावर वाढलेली मुलं ती. दगडाला हात लावायच्या आधी विचारायची, "काका, लावू का?" थेपले, कांदेपोहे, बिर्याणी, सगळं एकाच चादरीवर उघडायचं. संध्याकाळी मी दोर धुऊन गॅलरीत वाळत घालायचो आणि बायको ओरडायची की कपड्यांना जागा ठेव.

बघा, मी रमलो. मुद्द्यावर यायचं टाळतोय.

निर्मला चेण्याचीच. घरची पूर्वी भातशेती होती, ती शाळेत पी.टी. शिकवायची. आम्हाला कातळावर लटकलेलं बघून एका रविवारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्याच्या वरच्या अंगाला गुहा हाय. आमी लहानपणी जायचो." पुढच्या रविवारपासून ती आमचीच झाली. गुहेचं तोंड वाकून शिरता येईल एवढं, पुढे पोटावर सरपटायचा बोळ, त्यात कोपरासारखं एक वळण, आणि वळणापलीकडे खोली. "दादा, तुम्ही एकदा बघून या," ती म्हणाली, "मग पोरांना नेऊ."

मी गेलो. वळणापर्यंत गेलो. तिथे श्वास घेतला की पाठ वरच्या दगडाला टेकायची. एवढंच — अडकलो नव्हतो, काही नव्हतं. पण माझे हातपाय माझे राहिले नाहीत. मागे सरकत, गुडघे सोलत बाहेर आलो. भिंतीवर सगळ्यात उंच जाणारा मी. बाहेर येऊन काय सांगितलं असेल?

"पाहून आलो. मस्त आहे."

हे खोटं लहान होतं, असं मी बरीच वर्षं मानलं. निर्मला मुलांना, आईबापांना घेऊन आत जायची. मी तोंडाशी थांबायचो — कुणीतरी बाहेर हवंच ना? अडचण आली तर वाजवायला निर्मलाच्या गळ्यात शिटी असायची. आत जायच्या आधी मी सगळ्यांना बसवून खोलीचं वर्णन करायचो. छताला वटवाघळं कशी लटकतात, एका कोपऱ्यात पाणी कसं ठिबकतं, बॅटरी विझवली की आपलाच हात कसा दिसत नाही. हे सगळं बाहेर आलेल्या मुलांकडूनच गोळा केलेलं. "काय काय पाहिलंत?" असं मी इतक्या मायेने विचारायचो की त्यांना वाटायचं काकांना आमचं किती कौतुक आहे.

त्या दिवशी मीरा रोडहून शहाभाई आले होते. चांगले भरलेल्या अंगाचे, हौशी. सोबत बायको आणि नऊ वर्षांची जिनल. सगळे आत जाऊन आले, एकेक मूल धुळीने माखून हसत बाहेर पडलं. शेवटी आत तिघं राहिले. बाहेर येताना पुढे शहाभाई, त्यांच्या मागे निर्मला, तिच्या मागे जिनल. आणि शहाभाई वळणात अडकले.

निर्मलाचा आवाज आला. "दादा, आत या. त्यांचा हात धरा नि खांदा खाली दाबा. मला मागून पोचत नाय."

मी "ओ" म्हटलं. स्पष्ट म्हटलं. वाकलो. डोकं आत घातलं. शहाभाईंची बोटं दिसत होती — दोन हात सरपटलो असतो तर धरता आली असती. ते रडत होते. मोठा माणूस, मुलीसमोर. आणि मी डोकं बाहेर काढलं.

बायका-मुलं जरा खाली चादरीपाशी होती, आतलं तिथे ऐकू येत नव्हतं; त्यांना मी सांगितलं की अजून एक माणूस आत घुसला तर हवा कोंडेल, निर्मला बघतेय. अगदी शांत आवाजात. ती पुन्हा हाका मारत होती. "दादा. दादा, येताय ना?" मग हाका थांबल्या. ती आतून शहाभाईंशी बोलायला लागली. श्वास सोडा, अजून सोडा, बोलू नका, अंग सैल टाका. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. ते बाहेर आले तेव्हा खांदा दुखावलेला होता, शर्ट फाटला होता, आणि आपण रडलो हे मुलीने ऐकलं याची लाज रागात उतरली होती. "आप बाहर क्या कर रहे थे?"

आता ते, जे सांगायला बसलोय.

मी म्हणालो, "आत बोलावल्याचं मला ऐकूच आलं नाही. अडचण आली तर शिटी वाजवायची असं ठरलेलं. शिटी मॅडमकडे होती. त्यांनी वाजवलीच नाही."

सगळ्यांनी निर्मलाकडे बघितलं. तिने माझ्याकडे. कपाळाला माती, एका हातात जिनलचा हात. मला वाटलं आता ती बोलेल, आणि खरं सांगतो, बोलली असती तर मी तिलाच खोटं पाडायच्या तयारीत होतो. शब्दही जुळवून ठेवले होते. पण ती म्हणाली, "माझं चुकलं."

का म्हणाली? मुलं घाबरू नयेत म्हणून? की मी काय आहे ते तिला तेवढ्यात कळलं, आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून? मी विचारलं नाही. ती परत आली नाही. मॅडम निष्काळजी आहेत, ही गोष्ट रविवारच्या आयांकडून तिच्या शाळेपर्यंत गेली. पुढे तिच्याकडे सहली देणं बंद झालं, असं कानावर आलं. मला एक फोन करून ते थांबवता आलं असतं. मी गुहा बंद केली आणि भिंत चालू ठेवली. लोक म्हणायचे, सर किती जबाबदारीने वागतात.

आता मीरा रोडला एक चढायची भिंत झालीय, प्लायवूडची, रंगीत खुंट्यांची. शनिवारी मी तिथे लहान मुलांना शिकवतो. मागच्या महिन्यात एक बाई मुलाला घेऊन आली. "अंकल, ओळखलं नाही ना? मी जिनल."

मुलगा बूट घालत होता. ती सहज विचारावं तसं म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मॅडमने बोलावलं तेव्हा तुम्ही ओ म्हणाला होतात. मी ऐकलं होतं. पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले तो विषय परत काढू नको."

वीसेक वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर ते खरं आणून ठेवलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. तिथे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, गमावण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

मी म्हणालो, "तू लहान होतीस बेटा. अंधारात आवाज कसेही येतात."

तिने मग मान हलवली, मुलाचा पट्टा एकदा ओढून बघितला आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं. पोरगं हसत वर गेलं. मी त्याला नीट सांभाळून खाली घेतलं.

निर्मला अजून चेण्यालाच असते. काशीमिऱ्याहून थेट बस आहे. मी गेलेलो नाही.