काकूचा डावा गाल

थोरल्या काकूचा डावा गाल तिच्या उजव्या गालापेक्षा वयाने मोठा आहे. उजवा अजून नोकरीत, डावा निवृत्त. आमच्या घरात हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्यामागचं कारण बाहेर पडायला धाकट्या काकूला ऑपरेशनची तारीख घ्यावी लागली. पुढचा प्रसंग मला दोघींनी वेगवेगळा सांगितला आहे. जिथे दोघींचं जुळतं तेवढंच मी खरं धरलं आहे. बाकीचं गंमत म्हणून ठेवलं आहे.

थोरली काकू एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात काम करते. आधी ती तिथेच वॉर्डात नर्स होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला खालच्या मजल्यावर रस्त्याकडेच्या छोट्या खोलीत बसवलं. "ताई, आता धावपळ नको. चेहरा वर ओढून घ्यायला जे येतात त्यांना आधी तुम्ही समजावून सांगा. माझ्यासमोर ते नुसत्या माना डोलावतात आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना विचारतात."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, डाव्या हाताला खिडकी आणि भिंतीला लागून तपासणीचा जुना पलंग. भिंतीवर चेहऱ्याच्या आतल्या थरांचं रंगीत चित्र होतं. सोललेला गाल, लाल स्नायू, पिवळ्या नसा आणि या सगळ्यातून शांतपणे बघणारा एक डोळा. ते पाहून एका बाईंना भोवळ आली, तेव्हा काकूने चित्र उतरवून पलंगामागे सारलं आणि पलंगालाच कामाला लावलं. खाली गादी, तिच्यावर रजई, तिच्यावर चादर.

"चेहरा म्हणजे अंथरूण समजा," ती सांगायची. "झोपून झोपून आतली रजई घसरलीय, खाली गोळा झालीय. आपल्याला मात्र दिसते चादरीवरची सुरकुती. मग आपण काय करतो? चादर ओढतो."

ती चादर ताणून गादीखाली खोचायची. "झालं गुळगुळीत. पण आतला गोळा जागच्या जागी. ही झाली नुसती कातडी ओढायची पद्धत. माणूस लवकर हिंडूफिरू लागतो, पण चादर पुन्हा सैल पडते, तीही लवकर. आणि जास्त ताणली तर बाई कायम समोरून वारा लागल्यासारखी दिसते. कानाची पाळीसुद्धा खाली खेचली जाते."

मग ती चादर बाजूला करून रजईला घडी घालायची. "कातडीखाली एक चिवट पापुद्रा असतो. त्याला अशी घडी घालायची, टाके घ्यायचे आणि चादर वरून न ताणता पसरायची. भार टाक्यांवर, कातडीवर नाही. हे पुष्कळ टिकतं."

तिसऱ्या पद्धतीला तिला दोन्ही हात लागत. रजई गादीला जिथे जिथे चिकटली आहे तिथून सुटी करायची आणि चादरीसकट एकदम वर सरकवायची. "बहुतेकदा हे सगळ्यांत जास्त टिकतं, आणि ओढलेलं वाटत नाही. पण रजईच्या खालून चेहरा हलवणाऱ्या नसा जातात. हात कसलेला हवा. नस दुखावली तर हसू एकाच बाजूला येतं. बहुतेक वेळा दुसरी बाजूही परत हसायला लागते. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, हे घरी जाऊन नीट ऐका."

"आणि ते दोरे घालून ओढतात ते?" असं कुणीतरी विचारायचंच.

"तो चादरीला लावलेला चिमटा. पाहुणे जाईपर्यंत ठीक."

शेवटी म्हणायची, "कुणाला काय लागतं ते डॉक्टर तपासून सांगतील. अंथरूण मी दाखवलं. पाय किती पसरायचे ते तुमचं तुम्ही बघा."

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. पण पलंगावरून चेहऱ्यावर यायला माणसांना जड जातं. बायका चादरीकडे बघून म्हणायच्या, हे कळलं, पण गालावर कसं दिसेल? मग काकू स्वतःच्या गालावर तीन बोटं ठेवायची. एकदा हलकेच कानाकडे ओढायची, मग जरा खोल दाबून, मग पार हाडापासून वर. समोरची खुर्ची तिच्या डाव्या हाताला होती, म्हणून गालही कायम डावाच. एका बाईला एकदा दाखवून कधी कळत नाही. सोबत नवरा आला असेल तर त्याला वेगळं दाखवावं लागतं. अशी वर्षं गेली आणि डावा गाल हळूहळू रजईसारखाच खाली आला.

काकूच्या हे लक्षात आलं नाही. लक्षात आलं एका कापड दुकानाच्या मालकिणीच्या. ती बाई पुढे झुकून कुजबुजली, "ताई, खरं सांगा. तुम्ही उजवी बाजू करून घेतलीय ना?"

थोरल्या काकूच्या स्वभावात खोटं बोलणं नाही. पण समोरच्याने आपणहून खोटं हातावर आणून ठेवलं तर ते परत करण्याचा उद्धटपणाही तिच्याकडे नाही. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांचा हात चांगला आहे." हे खरंच होतं.

त्या दिवशी घरी येऊन तिने दार लावून आरसा धरला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. उजवीकडून बराच वेळ.

कापड दुकानात काय बोललं जातं ते गावभर पसरायला वेळ लागत नाही. लवकरच डॉक्टर तणतणत खाली आले. "ताई, हे काय चाललंय? आज आणखी एकीने विचारलं, आधी एकच बाजू करता का? आवडली तर दुसरी. मी काय रंगारी आहे, भिंतीवर नमुन्याचा पट्टा मारून दाखवायला?"

"लोक काय हो, काहीही बोलतात," काकू चादर झटकत म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचा डावा गाल मात्र उतरलाय. खिडकीतलं ऊन एकाच बाजूला लागतं ना. खुर्ची फिरवून बसत जा."

काकूने खुर्ची फिरवली नाही. खुर्ची फिरवली असती तर ओढायला उजवा गाल आला असता, आणि तोच तर लोक बघायला येत होते.

आता धाकटी काकू. ती पोस्टात काउंटरवर बसते. काचेच्या चौकोनात दिवसभर तिचा चेहरा लावलेला असतो आणि त्याला लोक तिकिटं मागतात. थोरलीपेक्षा ती वयाने बरीच लहान. या घरात आल्यापासून तेवढी एक गोष्ट थोरलीकडे नव्हती आणि तिच्याकडे होती. चष्म्याच्या दुकानात तीही गोष्ट हातची गेली. दोघी जावा एकत्र नंबर तपासायला गेल्या होत्या आणि दुकानदार थोरलीला म्हणाला, "काकू, तुम्ही जरा थांबा, आजींना आधी बसू द्या."

थोरली तिकडे फ्रेम बघत राहिली. ती हसली नाही, यावर दोघी ठाम आहेत. धाकटीच्या मते तेच जास्त लागलं.

पुढे पोस्टात तिच्या कानावर अर्ध्या चेहऱ्याची बातमी आली. मग तिला सगळं उमगलं. आपल्याला आजी केलं ते वयाने नव्हे, थोरलीच्या ऑपरेशनने. घरी कुणाला न सांगता ती दवाखान्यात गेली, डॉक्टरांना भेटली, तारीख घेतली आणि मगच थोरलीच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली.

"ताई, इथे आल्याशिवाय ऑपरेशन होत नाही म्हणे. सांगा काय ते."

"तू?" थोरलीच्या हातातली चादर तशीच राहिली. "घरी माहीत आहे?"

"तुमचं कुठे घरी माहीत होतं?"

"माझं काय?"

"ताई, पुरे. गावाला ठाऊक आहे, जावेलाच तेवढं सांगायचं नाही." ती थोरलीच्या उजव्या बाजूला वाकून बघायला लागली. "टाका कुठे दिसतसुद्धा नाही. मला हीच पद्धत हवी. तुमच्या या बाजूला केली ती. मला बाकीचं ऐकायचंच नाही."

थोरलीने घसा साफ केला. "बरं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर विचारलं?"

"विचारलं. नाही म्हटलं. मोजलंसुद्धा, नॉर्मल आलं."

"सकाळी गोळी घेऊन आली असशील."

"मग? नॉर्मल यावं म्हणूनच घेतात ना गोळी?"

साखरेच्या डब्यामागे ठेवलेली ती गोळी थोरलीला चांगली माहीत होती. मनाला येईल तेव्हा घ्यायची, बरं वाटलं की सोडायची, पाहुण्यांसमोर तर नावच नाही. वॉर्डातल्या दिवसांत तिने दाब चढून शिवलेले गाल आतून रक्त साचून फुगताना पाहिले होते. टाके पुन्हा उघडावे लागतात. तेव्हा ती दुसऱ्यांच्या जावांची उशी सरळ करत होती.

समोर बसलेली बाई एका गालाच्या भरवशावर आली होती आणि त्या गालाला कुणी सुई लावली नव्हती. गप्प बसावं, तर हिचा चेहरा जातो. बोलावं, तर ही आपल्याला जन्मभर हसणार. जन्म तसा फार उरलेला नाही, पण जावेला हसायला पुरेल इतका होता.

थोरलीने चादर ओढली. मग काढली. मग पुन्हा ओढली.

"ताई, अंथरूण घालताय की मला सांगताय?"

"चप्पल काढ आणि या पलंगावर आडवी हो."

"आत्ता? इथेच कापणार की काय?"

"आडवी हो म्हणते ना."

धाकटी आडवी झाली. थोरलीने तिच्या हातात आरसा दिला. पडल्यापडल्या गाल कानांकडे सरकले होते, हनुवटीखालची पिशवी नाहीशी झाली होती. आरशात काचेमागची नव्हे, लग्नाच्या वेळची धाकटी होती, जरा घाबरलेली.

"अगं बाई!"

"आता उठून बस."

ती उठून बसली. "श्शी."

"सगळं उत्तम झालं तर त्या आडवीच्या जवळपास जाशील. डोळ्यांखालचं आणि कपाळावरचं वेगळं, ते यात येत नाही."

"तुमचं असंच झालं?"

थोरली खिडकीकडे बघून म्हणाली, "माझं काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"उजवा आहे तसाच आहे. डावा खाली आलाय. लोकांना दाखवायला रोज ओढते ना, म्हणून. एका बाईला उलट वाटलं. मी गप्प बसले."

इथे दोघींची आठवण तंतोतंत जुळते. धाकटी आधी हसली नाही. तिने तीन बोटं स्वतःच्या गालावर ठेवली, थोरली ठेवते तशी, ओढली, सोडली आणि मग पलंगावर उलटी पडून इतकी हसली, की बाहेरच्या बाईने दार उघडून विचारलं, भूल दिली का म्हणून.

"दोन्ही हातांनी ओढायचात तरी!" ती डोळे पुसत म्हणाली. "निदान एकसारख्या म्हाताऱ्या झाला असता!"

"झालं हसून?"

"झालं कसलं, आता कुठे सुरू झालंय." पण ती थांबली. चष्मा हातात धरून जमिनीकडे बघत बसली. "मग ताई, मी कुणाच्या भरवशावर आले होते?"

"माझ्या. म्हणून तर सांगितलं."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून धाकटी म्हणाली, "आता घरच्या माणसाला सांगाल तसं सांगा. जावेला सांगाल तसं नको."

"जाऊ घरची नसते का?"

"असते. पण दारापाशी असते."

थोरली पलंगावर तिच्या शेजारी बसली, रजईवरच. "गोळीचं डॉक्टरांना आत्ता वर जाऊन सांग. रोज घ्यायला लाग. दाब एका जागी राहायला लागला, तर बघू. तुझ्या गालाला माझ्या मते घडीचे टाके पुरतील, एवढं सगळं सोडवून वर न्यायची गरज नाही. पण ते डॉक्टर ठरवतील. नुसती कातडी ओढू म्हणाले, तर मात्र उठून ये."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर तुझ्या आईसारखी दिसशील."

धाकटीने पुन्हा आरसा घेतला. "आई बरी दिसायची," ती म्हणाली.

"मी कुठे नाही म्हटलं?"

धाकटी वर गेली, गोळीचं सांगितलं, डॉक्टरांची बोलणी खाल्ली आणि तारीख पुढे ढकलून खाली आली. मात्र थेट घरी गेली नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना तिने पोस्टाच्या आवाजात सांगून टाकलं, "आत त्या बसल्यात ना, त्यांनी काहीसुद्धा केलेलं नाही हं. ओढून ओढून सैल झालंय. माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत, मला माहीत." थोरलीला ते खोलीत स्वच्छ ऐकू गेलं. ती चादर नीट करत राहिली. फुकट काहीच मिळत नाही, हे ती रोज लोकांना सांगतेच.

अर्ध्या चेहऱ्याची मागणी बंद झाली. डॉक्टरांनी काकूला रबरी डोकं आणून दिलं, गाल ओढून दाखवायला. पण त्या डोक्याला काहीच वाटत नसल्याने लोक अधिकच घाबरायचे. आता ते पलंगामागे, सोललेल्या चित्राशेजारी असतं. डॉक्टरांनी एके दिवशी स्वतः येऊन टेबलखुर्च्या उलट मांडल्या. आता खिडकी उजवीकडे, समोरची खुर्ची उजवीकडे आणि ओढायचा गालही उजवा. डॉक्टर म्हणतात, ऊन बरोबरी करेल. काकू म्हणते, बोटं करतील.

धाकटीचं अजून ठरलेलं नाही. कधीकधी दुपारी ती सोफ्यावर आडवी होऊन आरसा बघते आणि आज आपण किती छान दिसतोय ते आतल्या खोलीत ओरडून कळवते. गोळी आता साखरेच्या डब्यापुढे असते. रोज सकाळी थोरली कामाला निघते तेव्हा दारात दोघींचं एवढंच बोलणं होतं.

"गोळी घेतलीस?"

"घेतली. इकडे वळा बघू." धाकटी चष्मा नाकावर सरकवून आधी डावा गाल बघते, मग उजवा. "नाही हो ताई, अजून थोडा राहिलाय. ओढा."